खड्यावरचं औषध

उमाने सकाळीच गुरुदत्त चेंदवणकरांचा मोबाईल बंद केला आणि गव्हाच्या डब्यात, थेट गव्हाच्या आत खुपसून ठेवला.

"आज तुम्हाला कुणी काही विचारायचं नाही," ती म्हणाली. "आणि विचारलंच, तर तुम्ही सांगायचं नाही."

"अगं, पण एखाद्याने साधंच काही विचारलं तर?"

"साधं काही विचारायला तुमच्याकडे येतं कोण?"

हे मात्र खरं होतं. गुरुदत्त अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका बिअरच्या कारखान्यात क्वालिटी मॅनेजर होते. कुळगावातल्या त्यांच्या सोसायटीत त्यांना नावाने कुणी ओळखत नसे, सगळ्यांचे ते बिअरवाले काका. पहिल्या मजल्यावरच्या डॉक्टरांना दिवाळीला मिठाईचे बॉक्स जात, बँकेतल्या साहेबांना गणपतीच्या आरतीला पुढे उभं करत. गुरुदत्तांच्या वाट्याला फक्त प्रश्न येत. जिन्यात, लिफ्टमध्ये, भाजीच्या गाडीपाशी, एकदा तर स्मशानातून परत येताना रिक्षात. ते स्वतः बिअर पीत नसत. दिवसभर आंबलेल्या जवाचा वास घेऊन त्यांना घरी इडलीचं पीठसुद्धा सहन होत नसे.

प्रश्न नेहमीचेच असत. फ्रीजमधून काढलेली बाटली परत फ्रीजमध्ये ठेवली तर चालते का? एक बाटली हिरवी का आणि दुसरी तपकिरी का? पोट बिअरने सुटतं की सोबतच्या शेंगदाण्यांनी? चतुर्थीला चालेल का, कारण शेवटी जवच ना? आणि सगळ्यांचा लाडका प्रश्न म्हणजे, "काका, बिअर म्हणजे काही दारू नव्हे, बरोबर ना?"

गुरुदत्त प्रत्येक प्रश्नाचं उत्तर परीक्षेला बसल्यासारखं देत. कारणासकट, सविस्तर आणि खरं. "बिअर म्हणजे दारूच," ते म्हणत. विचारणाऱ्याचा चेहरा आंबट होई. मग तो घरी जाऊन बायकोला सांगे, "कंपनीतल्या मॅनेजरनेच सांगितलंय, चालते म्हणून." लोकांना उत्तर नको असतं, परवानगी हवी असते, ही गोष्ट त्या बिचाऱ्याच्या इतक्या वर्षांत लक्षात आली नव्हती. ज्याच्या ती लक्षात येते तो कुठल्या कुठे पोचतो. गुरुदत्त क्वालिटीतच राहिले.

आज मात्र गोष्ट राजसीच्या लग्नाची होती. राजसी ही त्यांची एकुलती एक मुलगी. ठाण्याच्या ज्या ऑफिसात ती काम करत होती तिथल्याच सोहमशी तिचं जमलं होतं, आणि आज वांगणीहून त्याचे आईवडील घर बघायला येणार होते. सोहमचे वडील धर्मराज शेती करत आणि शेतातली दोन खोल्यांची जागा शनिवार-रविवार मुंबईकरांना भाड्याने देत. त्यांचं काही नव्हतं. अडचण होती ती सोहमच्या आईची, विठाबाईंची. त्यांचा सख्खा भाऊ दारूने गेला होता आणि त्याची पोरं त्यांनी वाढवली होती. ज्या घरात दारू शिरली त्या घराशी सोयरीक नाही, असं त्या उघड सांगत.

"आई नाही म्हणाली तर मी पळून लग्न करणार नाही, हे आधीच सांगतो," असं सोहम राजसीला म्हणाला होता. सरळ मुलगा होता. सरळ मुलांचा हा एक त्रासच असतो.

म्हणून उमाने निरोप पाठवला होता, की मुलीचे वडील फूड कंपनीत आहेत.

बेत चोख होता. चुकला तो एवढ्याच ठिकाणी, की तो रविवार गटारीच्या आधीचा होता. श्रावण तोंडावर आलेला, घराघरांतून पिशव्या भरून बाटल्या येत होत्या, आणि बिअरवाल्या काकांचा फोन लागत नव्हता. फोन लागला असता तर लोकांनी फोनवर विचारलं असतं. तो लागत नव्हता म्हणून ते घरी आले.

पाहुणे येऊन बसले, पोह्यांच्या बशा हातात गेल्या आणि बेल वाजली. दारात तिसऱ्या मजल्यावरचा सुजित उभा होता, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी छातीशी धरून.

"काका, फोन क्यूं बंद है? अर्जंट आहे. हे दोन दिवस गाडीत उन्हात राहिलं. टाकू की चालेल?"

गुरुदत्तांचं तोंड उघडलं. उमा मधे पडली.

"व्हिनेगर आहे," ती पाहुण्यांना म्हणाली. "लोणच्याचं. यांची फूड कंपनी ना, मग सगळे विचारायला येतात."

"व्हिनेगर?" सुजित म्हणाला. "काकू, ही तर..."

"टाकून दे," उमा म्हणाली आणि दार लावलं.

"टाकायची गरज नाही," गुरुदत्त पुटपुटले. "फक्त वास येईल. प्रकाशामुळे..."

"पोहे घ्या ना," उमा म्हणाली.

विठाबाईंना हे आवडलेलं दिसलं. "शेजारीपाजारी विचारून करतात मंजे मान हाय तुमाला," त्या म्हणाल्या. गुरुदत्तांना असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. ते खुर्चीत थोडे ताठ बसले. धर्मराज मघापासून भिंतीवरच्या फोटोकडे बघत होते. फोटो कारखान्याच्या वार्षिक समारंभाचा होता. उमाने सगळं आवरलं होतं, तेवढा राहिला होता.

पुन्हा बेल वाजली. या वेळी सोसायटीचे चेअरमन कैलास होते. चेअरमनना दारातून घालवता येत नाही. ते सरळ आत आले आणि पाहुण्यांकडे न बघताच सुरू झाले.

"काय हो काका, फोन बंद ठेवून बसता? गटारीचे दिवस आहेत, जरा पब्लिकचा विचार करा. फ्रीजरमध्ये अख्खा क्रेट ठेवला होता बिअरचा. तीन फुटल्या. बाकीच्यांत बर्फ झालाय. वितळवून प्यायली तर काही होतं का? आणि तुमची कंपनी फुटलेल्या भरून देते का?"

राजसीने डोळे मिटले. उमाने पदर तोंडाला लावला.

"बिअर?" विठाबाई म्हणाल्या.

"हो, बिअर," कैलास म्हणाले. "काका बिअर कंपनीत मॅनेजर आहेत ना. तुम्हाला माहीत नाही?"

विठाबाईंनी गुरुदत्तांकडे पाहिलं. मग त्यांचा चेहरा एकदम फुलला.

"मंजे तुमी औषधाच्या कंपनीत हाय तर!"

कुणाला काही कळेना.

"ती खड्याची बिअर ना?" विठाबाई उत्साहाने म्हणाल्या. "जवाचं पानी. आमच्या यांना मुतखडा हाय. उल्हासनगरच्या डॉक्टरनं सांगितलंय, रोज सांजच्याला एक बाटली घ्या. चुकवत नाय बगा एक दिवस. मीच फ्रीजमदी लावून ठेवते. श्रावनात पन बंद नाय. औषधाला श्रावन नसतो, हे सांगतात."

धर्मराजांनी फोटोवरची नजर काढून पंख्यावर लावली. "ते राहू दे ना आता," ते म्हणाले.

उमाच्या अंगात जीव आला. दारूचा शत्रू असलेल्या घरात बिअर औषध म्हणून पूजली जात होती. गुरुदत्त आता फूड कंपनीतले नव्हते, जवळजवळ डॉक्टर झाले होते. राजसी हसली, सोहमही हसला. आता फक्त एका माणसाने गप्प बसायचं होतं.

"बरं झालं तुमीच भेटला," विठाबाई गुरुदत्तांकडे वळल्या. "तुमी जानकार. मना एक सांगा, एवढी वर्सं औषध चालू हाय, खडा काय पडत नाय. कदी पडंल?"

टीपॉयखालून उमाची लाथ आली. गुरुदत्तांनी पाय बाजूला घेतला. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांना मान देऊन प्रश्न विचारला होता, आणि विचारणारीला खरोखरच उत्तर हवं होतं. निदान त्यांना तसं वाटलं.

"नाही पडणार," ते म्हणाले. "बिअरने खडा पडत नाही. लघवी होते, पण ती पाण्यानेही होते. उलट बिअरने अंगातलं पाणी कमीच होतं. हा लोकांचा मोठा गैरसमज आहे."

"आनि मग ती काय असते?"

"बाबा," राजसी म्हणाली.

"बिअर म्हणजे दारूच," गुरुदत्त म्हणाले. "त्यात माइल्ड आणि स्ट्राँग असे प्रकार असतात. तुमच्याकडे कुठली येते?"

"लाल लेबलची."

"मग ती स्ट्राँग," गुरुदत्त समाधानाने म्हणाले.

विठाबाईंनी पोह्यांची बशी खाली ठेवली. त्या आरडल्याओरडल्या नाहीत, रडल्याही नाहीत.

"देवाच्या निवदाचं दही जिथं ठेवते ना, त्याच्या शेजारी ठेवली मी ती बाटली," त्या म्हणाल्या. "माज्या हातानं. माज्या भावाला ज्यानं खाल्लं ते मी रोज यांना थंड करून दिलं." मग त्या उठल्या. "यांचा शौक दारूचा आनि तुमचा धंदा दारूचा. व्याह्यांचं चांगलं जमलंय. पोरांचं नाय जमनार."

त्या जिना उतरल्या. त्यांच्यामागे सोहम धावला. धर्मराज दारात क्षणभर थांबले आणि त्यांनी गुरुदत्तांकडे असं बघितलं, जणू गुरुदत्तांनी त्यांचं शेतच पेटवून दिलं होतं. मग तेही गेले.

कैलास अजून उभेच होते. "मग काका," ते म्हणाले, "फ्रीजरचं काय करू?"

पुढचे काही दिवस घरात कुणी गुरुदत्तांशी बोललं नाही. उमा ताट वाढायची, पण ते ताट वाढणं नव्हतं, आपटणं होतं. सोसायटीत बातमी पसरली आणि लोकांनी कैलासना नाही, गुरुदत्तांनाच दोष दिला. "पोरीच्या लग्नात कुणी असं बोलतं का?" असं सुजित लिफ्टमध्ये म्हणाला, आणि त्याच दमात त्याने विचारलं की कॅनमधली आणि बाटलीतली यांत फरक काय. गुरुदत्तांनी त्याला सविस्तर सांगितलं. सांगून झाल्यावर त्यांना स्वतःचाच राग आला.

राजसी एकदाच बोलली. "बाबा, खडा त्यांचा होता. तुझ्या का पोटात दुखलं?"

गुरुदत्त बाल्कनीत जाऊन उभे राहिले आणि त्यांना रडू आलं. जगभरच्या बिअरची उत्तरं ठाऊक असलेल्या माणसाला पोटच्या पोरीला काय सांगावं ते सुचत नव्हतं.

श्रावण लागला आणि धर्मराजांचा फोन आला.

"मॅनेजर साहेब," ते दबक्या आवाजात म्हणाले, "घरात राहनं मुश्कील केलंय तुमी. फ्रीजला कुलूप लावलंय तिनं. अख्ख्या फ्रीजला. दूध बाहेर, बाटल्या आत. माज्याशी बोलत नाय, पोराशी बोलत नाय."

"मग मी काय करू?"

"या आनि सांगा, की चुकलो. नवीन संशोधन निघालंय म्हना. परदेशातलं म्हना. बिअर औषध हाय, एवढं बोला. तुमचं ऐकंल ती, तुमी कंपनीतले. मंग लग्नाला पन नाय म्हननार नाय. दारूच नाय तर राग कशाचा?"

"पण ते खोटं आहे."

"मंग ठेवा खरं घरात," धर्मराज म्हणाले, "आनि पोरीला पन."

गुरुदत्तांनी फोन ठेवला. राजसी दारात उभी होती. फोन स्पीकरवर होता, तिने सगळं ऐकलं होतं.

"बाबा, एकदाच," ती म्हणाली. "इतकी वर्षं तू खरंच सांगत आलास. ऐकलं कुणी?"

पुढच्या रविवारी तिघं वांगणीला गेले. धर्मराजांनी त्यांना फाटकावरच गाठलं आणि काय बोलायचं ते पुन्हा एकदा पढवलं. ओसरीवर विठाबाई बसल्या होत्या. कमरेला चाव्यांचा जुडगा होता. त्यांनी पाणी दिलं, चहाचं विचारलं नाही. सोहम खांबाला टेकून उभा होता.

"विठाताई," गुरुदत्तांनी सुरुवात केली. "त्या दिवशी मी जे बोललो... ते जुन्या माहितीवर बोललो. आता नवीन संशोधन निघालंय."

"कुठं?"

"परदेशात."

"कोनत्या देसात?"

"जर्मनीत," गुरुदत्त म्हणाले. खोटं बोलतानासुद्धा त्यांनी बिअरचा माहितगार देश निवडला. "त्यात असं आढळलंय की... बिअर खड्यावर चालते. औषध म्हणून."

विठाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. ती नजर कारखान्यात येणाऱ्या तपासणी अधिकाऱ्यांच्या नजरेपेक्षाही वाईट होती.

"लेकीच्या डोक्यावर हात ठेवून सांगा."

गुरुदत्तांचा हात मांडीवरून हलेना. तेव्हा राजसीच उठली, त्यांच्याजवळ येऊन खाली बसली आणि बापाचा हात उचलून तिने स्वतःच्या डोक्यावर ठेवला. ते बघून उमाने मान फिरवली.

"औषध आहे," गुरुदत्त म्हणाले.

"बग!" धर्मराज उठलेच. "मी काय सांगत होतो? एवढा शिकलेला मानूस शपथ घेतो. आन ती चावी."

"बसा," विठाबाई म्हणाल्या.

धर्मराज बसले.

"मना बी खडा झालेला," विठाबाई गुरुदत्तांना म्हणाल्या. "सोहम शाळेत होता तवा. भिंतीला धरून चालायची मी. मना कुळथाचं कढन पाजलं यांनी, सकाळ-सांज. वाटी पुढं करायचे आनि म्हनायचे, नाक दाब आनि गिळ, औषध हाय. यांना खडा झाला आनि यांना थंडगार बाटली. सोबत तळलेली मच्छी." त्या थांबल्या. "मी काय म्हटलं नाय. डॉक्टरनं सांगितलं असंल म्हटलं. आता तुमी पन सांगता. मंग औषधच असंल."

"औषधच हाय," धर्मराज म्हणाले.

"मंग डोस सांगा."

"काय?" गुरुदत्त म्हणाले.

"औषधाला डोस असतो. ताप उतरायची गोळी पन डॉक्टर अख्खी पाकिटभर खा म्हनत नाय. तुमी कंपनीतले, जानकार. जर्मनीत किती देतात?"

धर्मराज गुरुदत्तांकडे बघून खुणावत होते. आधी एक बोट दाखवलं, मग घाईघाईने दोन. बाटल्या म्हणायचं होतं त्यांना. गुरुदत्तांचा हात अजून राजसीच्या डोक्यावर होता. त्यांनी विठाबाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथे काहीच दिसत नव्हतं, ना राग, ना हसू. मग त्यांनी धर्मराजांच्या त्या दोन बोटांकडे पाहिलं.

"दोन," ते म्हणाले.

धर्मराजांनी सुटकेचा श्वास सोडला.

"दोन चमचे," गुरुदत्त म्हणाले. "जेवणानंतर. सकाळी आणि संध्याकाळी. वरून काही खायचं नाही. मच्छी तर अजिबात नाही."

"लहान चमचा की मोठा?"

"लहान."

"आनि फ्रीजमदली देऊ?"

"थंड नको. औषध लागू पडत नाही. कोमट करून दिली तर उत्तम."

"सोहम," विठाबाई म्हणाल्या, "चमचा आन रे." आणि मग, तो आत जायच्या आधीच, राजसीकडे वळून, "तू पन जा पोरी त्याच्यासंगं. कुठली वस्तू कुठं असते ते बगून ठेव."

लग्न मार्गशीर्षात झालं. धर्मराजांनी मांडवात व्याह्यांची गळाभेट घेतली ती फोटोपुरती. सोसायटीतले सगळे आले होते. जेवणाच्या पंगतीत कैलासनी विचारलं, "काका, खरं सांगा, बिअर म्हणजे दारू नव्हे ना?" गुरुदत्त म्हणाले, "नव्हे." कैलासनी त्यांना पहिल्यांदाच आग्रहाने जिलेबी वाढली. आता त्यांना गणपतीच्या आरतीलाही पुढे उभं करतात.

विठाबाईंचा मात्र अधूनमधून फोन येतो. त्या कारण नसताना फोन करत नाहीत.

"व्याही, एक बाटली उगडली की महिना जातो. फेस पार गेलाय, नुसतं कडू पानी राहिलंय. चालंल ना?"

"चालेल," गुरुदत्त सांगतात. "फेसात काही गुण नसतो."

"हे लई तोंड वाकडं करतात. नको म्हनतात. खडा पडला म्हनतात."

"कोर्स पूर्ण करायला सांगा."

"तेच म्हटलं मी. नाक दाबा आनि गिळा."

पलीकडे धर्मराजांचं खोकणं ऐकू येतं, चमचा वाटीवर वाजतो आणि फोन ठेवला जातो. सगळा जन्म गुरुदत्तांनी माणसांना खरी उत्तरं दिली आणि ती कुणी घरापर्यंतही नेली नाहीत. जसंच्या तसं, रोज सकाळ-संध्याकाळ, न चुकता पाळलं जाणारं त्यांचं उत्तर एवढं एकच, आणि ते त्यांनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवून खोटं दिलेलं आहे.